खुराड्यातला फोन

धीरजने खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढला, फोन आभाळाकडे धरला आणि ओरडला, "आलं! प्रियंका, हातातलं ठेव आणि इकडे ये. फाइव्ह जी आलं!"

प्रियंकाच्या हातात करपलेल्या दुधाचं पातेलं होतं. ती ते घासत राहिली.

"बघ तरी. कोपऱ्यात बघ."

तो फोन घेऊन मोरीपाशी आला. पडद्यावर गेल्या दिवाळीपासून एक हिरवी उभी रेघ पडली होती, वरून पार खालपर्यंत. त्या रेघेला चिकटून ती बारीकशी अक्षरं उमटली होती. धीरजने अंगठ्याने पडदा पुसला, जणू पुसल्यावर ती मोठी होतील.

"दिसलं," ती म्हणाली. "आता काय करायचं त्याचं? भाकरीला लावून खायचं?"

"तुला ना कशाचं कौतुकच नाय."

"चारू पोटात होती तेव्हा घेतलात. दुकानवाला बोलला, येईलच आता, टॉवरला वायरी लागल्यात. आज चारू स्वतःच्या हातांनी चपला घालते. ह्या फोनची बॅटरी दुपारी मान टाकते, मागचं झाकण फुगलंय, आणि तुम्ही म्हाताऱ्याला आज बाशिंग बांधताय."

उंबऱ्यावर बसून चारुता खरोखरच चपला घालत होती. उजवी डाव्या पायात. मध्येच ती खोकली. कोरडा, घशातल्या घशात राहणारा खोकला. त्या आवाजासरशी प्रियंकाचा हात पातेल्यात थांबला आणि मग दुप्पट जोराने चालू लागला.

"आणि दिवसभर कुठे असतो तो?" ती म्हणाली. "कंपनीच्या गेटवरच्या खुराड्यात. तिथे त्याला फाइव्ह जी मिळो नाहीतर फिफ्टी जी. कोणाला दाखवणार? वॉचमनला?"

धीरजने फोन शर्टाच्या खिशात ठेवला, डबा घेतला, चारुताच्या चपला अदलाबदल करून नीट घातल्या. दारातून वळून म्हणाला, "जेवणाच्या सुट्टीत गेटवर येऊन फोन करतो. आवाज ऐक नुसता, किती साफ येतो."

"नका करू."

"अगं, ऐक तरी."

पातेलं मोरीत आपटल्याचा आवाज त्याच्या मागोमाग जिन्यावरून उतरला.

पास्थळच्या ह्या चाळीत त्यांना राहायचंच नव्हतं. चिंचणीला धीरजच्या आईच्या घरामागे एक खोली काढायची, आणि त्याने मोटरसायकलवरून ये-जा करायची, असं ठरलं होतं. विटा सांगून झाल्या होत्या. समुद्राची हवा, मागे वाडी, बाळाला अंगण. मग एका संध्याकाळी तो फोनचा पांढरा चपटा खोका घेऊन आला. "पुढचं बघून घेतला," एवढंच म्हणाला. विटा आल्या नाहीत. खिडकीतून रात्री वास येत राहिला, कधी कुजक्या अंड्यांचा, कधी नेलपॉलिशसारखा गोड, आणि त्या वासातच चारुता रांगली, उभी राहिली, खोकायला लागली.

फोन घेण्याच्या आधीच्या महिन्यात धीरजच्या कंपनीत स्फोट झाला होता. चौकशी झाली, आणि चौकशीतून एक हुकूम निघाला: मोबाईल आत न्यायचा नाही, ठिणगी पडते. तोवर खोका घरी येऊन थोडेच दिवस झाले होते. गेटवरच्या खोलीत प्लायवुडचे कप्पे बसवले गेले. कामगार त्याला खुराडं म्हणू लागले.

दुपारी चारुताला भरवताना खिडकीची काच गुणगुणली. मग आवाज आला. मोठा नाही, शेजारच्या खोलीत कोणी भरलं पिंप खाली ठेवावं तसा.

प्रियंकाने घास परत ताटात ठेवला.

चाळीतल्या सगळ्या बायका गॅलरीत आल्या होत्या आणि एकाच दिशेला बघत होत्या. धूर करड्या रंगाचा होता, मधोमध पिवळट. कोणत्या कंपनीवर आहे ते इथून कळत नसे. इथून सगळ्या कंपन्या एकाच रांगेत दिसत.

तिने फोन लावला. लगेच लागला. पहिल्या क्षणाला लागला. आणि वाजत राहिला. तिने परत लावला.

"लागतोय का?" शेजारच्या सपनाने विचारलं. तिचा नवराही त्याच कंपनीत, पॅकिंगला.

"लागतोय. घेत नाहीत."

"आमचा बी लागतोय. साधावाला हाय तरी लागतोय." सपनाच्या बोलण्यात टोमणा नव्हता, पण प्रियंकाला तो लागला. "दोगांचेबी खुराड्यातच वाजत असतील ना गं?"

रिक्षा मिळाली नाही. त्या चालत निघाल्या. चारुता कडेवर होती, तिच्या तोंडावर प्रियंकाने ओढणी बांधली होती. मागच्या स्फोटाच्या वेळी हाच रस्ता, ह्याच उन्हात, ती पोट धरून चालली होती. तेव्हा फोनमधली बाई सांगत राहिली होती की सर्व लाइन व्यस्त आहेत. आज लाइन मोकळी होती. हे आठवून तिला इतका राग आला की सपनाला तिच्या चालीबरोबर पळावं लागलं. ती मनात धीरजशी भांडत होती. बरे असा, मग बघते. आधी बरे असा.

गेट बंद होतं. बाहेर बायका, दोनचार म्हातारे, एक टेम्पो. आतून कोणी बाहेर येत नव्हतं. गेटच्या खोलीची खिडकी मात्र उघडी होती आणि त्या खिडकीतून आवाज येत होता.

सगळे वाजत होते. भिंतभर कप्पे, आणि कप्प्याकप्प्यांत उजेड. आरत्या, भोजपुरी गाणी, लहान मुलाचं हसणं, नुसतीच घंटा. काही थरथरत प्लायवुडवरून सरकत कडेला आले होते. धीरजचा वरच्या रांगेत होता. हिरव्या रेघेवरून तिने तो ओळखला. त्याच्या शेजारी सपनाच्या नवऱ्याचा, रबर लावलेला. दोन्ही सारखेच वाजत होते.

"पुंजारामकाका," तिने गजांना धरून हाक मारली. "आत काय झालंय? आपल्यात झालंय का?"

वॉचमन पुंजाराम रजिस्टर शोधत होता, की शोधल्यासारखं करत होता. "मला काय नाय सांगितलं बाय. आमाला आदी सांगत नाय."

"मग विचारा ना!"

"फोन आत नाय ना. कोनाला इचारू?"

एवढ्यात त्याला गेट उघडायला धावावं लागलं. आतून पांढरी गाडी आली. काच वर होती. मागच्या सीटवरचे साहेब फोन कानाला लावून बोलत होते, मान हलवत, शांतपणे. गाडी बायकांच्या मधून हॉर्न न वाजवता निघून गेली, कारण बायका आपण होऊनच बाजूला झाल्या.

"साहेबांचा चालतो आत?" प्रियंका ओरडली. "त्यांच्या फोनची ठिणगी पडत नाही?"

पुंजाराम गेट ढकलत खाली बघत म्हणाला, "त्यांचा येगला हाय."

"काय वेगळा? सांगा ना. माझ्या नवऱ्याचा पण वेगळाच आहे. सगळ्यात महागातला आहे. द्या तो आत नेऊन!"

कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. चारुता रडायला लागली. गेटचा दांडा अडकला होता आणि पुंजाराम त्याच्याशी झटत होता. खिडकीतून वरच्या रांगेतला फोन पुन्हा उजळला. ह्या वेळी तिने लावलेला नव्हता. पडद्यावर नाव होतं: आई चिंचणी.

प्रियंकाने गजांतून हात घातला. कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. बोटांच्या टोकाने तिने तो फुगलेला फोन ओढून घेतला. तो गरम होता, ताप आलेल्या कपाळासारखा.

"धीरज? आरे धीरज, बरा हायस ना रं?"

"आई, मी आहे. प्रियंका."

"तू? त्याचा फोन तुज्याकडं कसा? इकडं बंदरावर समदी बोलतात, बोईसरला उडाली कंपनी. धूर दिसतो म्हनं."

प्रियंकाने धुराकडे पाहिलं. तो धीरजच्या शेडच्या मागे होता, की वर, ते अजून कळत नव्हतं.

"त्यांना सुट्टी आहे आज," ती म्हणाली. "आंघोळीला गेलेत."

"खरं सांगतीस ना?"

"खरंच. चारू रडतेय, ऐकू येतंय ना? पप्पाकडे जायचंय म्हणून रडतेय."

"आनि ह्ये कसले वाजतात येवढे?"

"टीव्ही, आई. टीव्ही लागलाय."

पलीकडे सासूबाई, रखमाबाई, हुश्श करून खाली बसल्याचं ऐकू आलं. मग त्या बोलतच सुटल्या, भीती उतरलेली माणसं बोलतात तशा. "बरा झाला बाय ह्यो फोन. लगेच लागला. तुला सांगू? तो बोललेला, आई, तिला नको सांगू. त्या टायमाला तू पोटुशी, तुजा फोन लागंना, तू त्या उनात चालत गेलीस ना? तवा दुसऱ्या दिवशी हितं आला नि वाडीत बसून रडला, येवढा मोटा बाप्या. बोलला, परत असा नाय होऊ द्यायचा. दुकानवाल्याने सांगितला त्याला, ह्या नव्या लाइनीत कितीबी मानसां बोलली तरी अडकत नाय. मी बोललू, खोलीचा काय? तर बोलला, खोली मागनं. ऐकतीस ना?"

"ऐकतेय."

"त्याला सांग, आंघोळ झाली की मला फोन कर."

"सांगते."

तिने फोन कानावरून काढला तेव्हा पुंजाराम समोर उभा होता. त्याने हात पुढे केला. तिने फोन त्याच्या हातावर ठेवला. त्याने तो परत त्याच कप्प्यात ठेवला आणि खिडकी लावून घेतली. आवाज एकदम बारीक झाला, पण थांबला नाही.

त्या दोघी पलीकडे, भिंतीच्या सावलीत जाऊन उभ्या राहिल्या. सपना देवाचं नाव घेत होती. प्रियंकाला ते जमत नव्हतं. तिला नको सांगू. म्हणजे इतके दिवस ती ज्या फोनला शिव्या घालत होती, त्याबद्दल तो गप्प बसून ऐकत होता. भांडणात एकदा तरी तोंडावर फेकायचं. माणसाने एवढं तरी भांडावं.

टेम्पोवाला रस्त्यावरून चौकशी करून आला. "भाभी, इधर नहीं हुआ. नाले के उस पार वाली में हुआ है. इनको खाली गिनती के लिए रोका है."

"या देवा," सपना म्हणाली आणि रडायला लागली. आजूबाजूच्या बायका हसायला लागल्या. नाल्यापलीकडच्या गेटवरही अशाच बायका उभ्या असतील, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्या दिशेला कोणी पाहत नव्हतं. पाहिलं फक्त प्रियंकाने. मग तिनेही मान वळवली.

लहान दार उघडलं. माणसं आधी खुराड्यावर तुटून पडली, आपापला फोन घेऊन बाहेर आली. धीरज सातआठ जणांनंतर आला. हेल्मेट काखेत, शर्ट पाठीला चिकटलेला. सपना तिच्या माणसाकडे धावली. प्रियंका चारुताला सावरत त्याच्या दिशेने निघाली.

त्याने तिला पाहिलं नाही. गर्दीकडे पाठ करून तो कंपाउंडच्या भिंतीकडे वळला, एका कानात बोट घातलं आणि फोन लावला.

तिच्या पिशवीत फोन वाजला. ती त्याच्या मागे, हात लांब केला तर खांद्याला लागेल एवढ्या अंतरावर उभी होती. तिने तो वाजू दिला. शेवटपर्यंत वाजू दिला. बंद झाला. धीरजने फोन समोर धरला, पुसला, परत लावला.

"घे ना," तो भिंतीला म्हणाला. "घे ना गं. सकाळचं सोड, घे."

तिने घेतला.

"प्रियंका? कुठे हायस? मी बरा हाय. आमच्यात नाय झालं. तू घाबरली नाय ना? चारू कुठेय?"

त्याचा आवाज आधी समोरून आला आणि मग, पापणी लवेल एवढ्या उशिराने, कानात.

"हॅलो? आवाज येतोय ना?"

"येतोय."

"साफ येतोय ना? एवढे सगळे बोलतायत तरी लागला बघ. मी तुला सकाळी..." त्याने कपाळ भिंतीला टेकलं.

करपलेलं पातेलं, विटा, खोकला, पांढरी गाडी, सगळं तिच्या जिभेवर येऊन थांबलं होतं. एकही गोष्ट ती सोडणार नव्हती. कडेवरच्या चारुताने पप्पाला ओळखलं. तिने दोन्ही हात पुढे केले, हाक मारायला तोंड उघडलं. प्रियंकाने तिच्या ओठांवर अलगद तळवा ठेवला.

"बोला," ती फोनमध्ये म्हणाली. "ऐकतेय."