काचेवरची सायकल

करिष्माने आधी झाडाचा फोटो पाठवला आणि पाठोपाठ फोन केला. झाड दिसायला छानच होतं, भिंतीला चिकटवायचं. काळं खोड, गुलाबी पानं, फांदीवर दोन पक्षी.

"वहिनी, तुझ्या कंपनीच्या ॲपवर आहे बघ. तुला स्टाफ डिस्काउंट मिळतं ना? माझ्या हॉलच्या मोठ्या भिंतीसाठी मागवून दे. आणि दादाला बोलू नको हं, उगाच मनाला लावून घेईल."

मिनल तेव्हा कुरुळीच्या गोडाऊनबाहेर कंपनीच्या बसची वाट बघत उभी होती. "बघते," एवढंच म्हणून तिने फोन ठेवला. असली झाडं ती रोज पॅक करायची. झाडं, फुलपाखरं, ढगात बसलेले हत्ती, नळीसारखे गुंडाळून खोक्यात घालायचे की गेले कुणाच्या तरी भिंतीवर. त्या झाडांवर तिचा कधी राग नव्हता. आज मात्र बसमध्ये बसेपर्यंत तिचं डोकं तापलं होतं.

कारण करिष्माचा दादा म्हणजे मिनलचा नवरा विक्की, आणि विक्कीचा धंदाच मुळी हा. काळेवाडीत त्याचं रेडियमचं दुकान. रंगीत चिकट कागद मशीनवर कापून रिक्षांवर, टेम्पोंवर नावं, नंबर, वाघ, गरुड काय म्हणाल ते लावून द्यायचा. मग नंबरप्लेट ठरलेल्या ठिकाणीच बसवायचा नियम आला आणि त्याचं निम्मं काम एका फटक्यात गेलं. विक्कीने हाय खाल्ली नाही. घरांच्या भिंतींची कामं करू म्हणाला, दुकानाबाहेर बोर्डही लावला. बोर्डाखाली लोक सावलीला उभे राहायचे आणि फोनवर भिंतीचे स्टिकर बघायचे.

आता त्याची सगळी भिस्त बहिणीच्या भिंतीवर होती. करिष्माने ताथवड्यात नवा फ्लॅट घेतला होता, गृहप्रवेश तोंडावर आला होता. "एवढी मोठी सोसायटी," विक्की रोज जेवताना म्हणायचा. "एकाने बघितलं की दुसरा विचारणार. करिष्माची भिंत झाली की गाडी रुळावर येईल. नाहीच आली तर मशीन विकतो आणि चाकणला काँट्रॅक्टवर लागतो." हे तो हसत बोलायचा, पण मशीन बघायला एक माणूस येऊन गेला होता हे मिनलला माहीत होतं.

आणि ही बया म्हणत होती, दादाला सांगू नको.

करिष्माला काय काय सुनवायचं याची मिनलने बसमध्ये मनातल्या मनात चांगली तालीम केली. रक्ताचं नातं, मोठ्या भावाने खाल्लेल्या खस्ता, सगळं झालं. काळेवाडीला उतरून ती दुकानाकडे निघाली, तर शेजारचे चपलांचे दुकानदार बबनराव नेहमीसारखे म्हणाले, "काय मिनलताई, सुटली शिफ्ट?" त्यांची नजर सहज खाली गेली आणि तितक्याच सहज दुसरीकडे वळली. मिनलच्या पायात फोनवरून मागवलेल्या चपला होत्या. आधीच्याही फोनवरूनच आल्या होत्या. भिंतीला भिंत लागून दुकान, विक्कीला ऐन वेळी कात्री नाहीतर चहा देणारा हा माणूस, आणि त्याच्याकडून तिने शेवटची चप्पल कधी घेतली हे तिला आठवेना. दुसऱ्याची लबाडी किती पटकन दिसते माणसाला. मिनल पुरती ओशाळली आणि तालीम केलेलं अर्धं भाषण तिथेच गळून पडलं.

तरी सुट्टीच्या दिवशी ती ताथवड्याला गेलीच. करिष्मा रिकाम्या हॉलमध्ये पडद्यांची मापं घेत होती.

"मागवलंस?"

"नाही. आधी मला सांग, विक्कीचं काम का नको?"

करिष्माने टेप गुंडाळली, उलगडली, परत गुंडाळली. "खरं सांगू वहिनी? दादाचं काम रिक्षासारखं दिसतं. लाल, पिवळं, चमकणारं. दत्तोबाकाकांच्या हॉलमध्ये त्याने वाघ लावलाय. त्या वाघाचे डोळे अंधारात चमकतात. काकांची सून रात्री पाणी प्यायला उठत नाही."

मिनलला हसू आवरेना. वाघ तिनेही बघितला होता आणि तिच्याही छातीत धस्स झालं होतं. "मग हे त्याला सांगितलंस का?"

"कसं सांगणार? वाईट वाटेल त्याला."

"आणि गृहप्रवेशाला येऊन भिंतीवर गुलाबी झाड बघितल्यावर बरं वाटेल?" मिनल खाली फरशीवरच बसली. "सगळ्यांनी हेच केलं बघ. तुझ्या दादाला तोंडावर कोणी म्हणालं नाही की विक्की, हे भडक झालं, बदलून दे. गपचूप फोनवरून मागवलं. फोनला वाईट वाटत नाही, फोन रुसत नाही, सोपं आहे ना. मीसुद्धा तेच करते. पण त्याचं काय चुकतंय ते त्याला कळणार तरी कधी?"

करिष्मा वाकून पुन्हा खिडकी मापायला लागली.

"तुला झाडच हवं असेल तर मागवते. घर तुझं आहे. पण त्याला सांगून मागवीन, लपवून नाही. काय ते तू ठरव."

दोन दिवसांनी करिष्मा काळेवाडीला दुकानात आली आणि भावंडांची जी जुंपली, ती बबनरावांनी गिऱ्हाईक सोडून ऐकली. "रिक्षासारखं?" विक्की म्हणाला. "याच रिक्षांवर तुझं कॉलेज झालं." करिष्मा म्हणाली, "झालं, म्हणून मी हॉलमध्ये रिक्षा लावू का?" विक्की मशीनकडे तोंड करून बसला. मिनल शिफ्टवरून आली तेव्हा दोघं एकमेकांकडे पाठ करून बसलेले, आणि मध्ये दोन चहा गार झालेले. भिंत तर गेलीच, आता बहीणही गेली, असं तिला वाटलं.

मग विक्की पाठमोराच म्हणाला, "बरं, मग पाहिजे काय तुला?"

करिष्मालाही ते नीट ठाऊक नव्हतं. "झाड कुणाच्याही घरी असतं," ती हळूच म्हणाली. "मला आपलं काहीतरी पाहिजे. दादा, बाबांची सायकल येईल काढता?"

त्यांचे वडील खंडू पिंपरीच्या एका कारखान्यात कामाला होते. जाऊन बरीच वर्षं झाली होती. सायकलच्या हँडलला डब्याची पिशवी अडकवलेली, आणि घरात पाऊल टाकायच्या आधीच विचारणार, "जेवलात का सगळे?" स्वतः मात्र सगळ्यांच्या मागून जेवायचे. विक्कीने कागद ओढला. करिष्मा त्याच्या शेजारी येऊन बसली. पिशवी अशी नाही, जरा खाली लोंबायची. टोपी नको. दादा, चमकणारं काही नको, फक्त काळं. आणि हो, येताना दाखव. "फर्स्ट शिफ्टला पहाटे जायचे तेव्हा मी झोपलेली असायचे," ती म्हणाली. "मला ते येतानाच आठवतात. दारातून आत आल्यासारखे दिसू देत." खाली तेवढंच लिहायचं ठरलं: जेवलात का सगळे?

चित्र पुरं झालं तेव्हा विक्की त्याच्याकडे बघतच राहिला. आपल्याला एवढं साधं काही काढता येतं हे त्याला माहीत नव्हतं. जाताना मिनल शेजारच्या दुकानात शिरली. घालून बघितलेली चप्पल अंगठ्याला लागत होती म्हणून तिने बबनरावांशी हुज्जत घातली, त्यांनी पट्टा सैल करून दिला, आणि ती नवी चप्पल घालूनच घरी गेली.

गृहप्रवेश रविवारी होता. सकाळी भंतेजी येऊन वंदना झाली, घरचे जेवले. संध्याकाळी करिष्माचा नवरा सुजित याच्या ऑफिसचे लोक आणि सोसायटीतले शेजारी येणार होते. दुपारी विक्की आपली गुंडाळी घेऊन आला. त्याने भिंत फडक्याने पुसली, वर-खाली खुणा केल्या. विक्की आणि मिनलने मिळून मागचा कागद सोलला आणि पारदर्शक फिल्मवर चिकटलेलं ते मोठं चित्र दोन बाजूंनी धरून भिंतीजवळ नेलं.

"थांब दादा," करिष्मा म्हणाली.

अक्षरं उलटी होती. सायकल दाराकडे तोंड करून निघाली होती.

विक्कीचा चेहरा उतरला. गाडीच्या काचेला नाव आतून लावायचं, म्हणजे धुताना निघत नाही. आतून लावायचं म्हणजे उलटं कापावं लागतं, तेव्हा ते बाहेरून सुलटं दिसतं. इतकी वर्षं काचांवर गेल्यावर त्याच्या हाताला तीच सवय लागली होती. कापताना, नको तो भाग सोलताना, गुंडाळताना एकदाही त्याच्या डोळ्याला ते खटकलं नव्हतं. त्याला उलटंच सुलटं दिसायचं.

"बाबा चाललेत," करिष्मा म्हणाली.

"परत कापून आणतो," विक्की म्हणाला, पण काळ्या कागदाचा रोल याच चित्रात संपला होता आणि माल देणारा दुकानदार रविवारी बंद. सुजित भला माणूस. त्याने खिशातून फोन काढला. "टेन्शन घेऊ नका, संध्याकाळपर्यंत येणारं काहीतरी मागवू. झाड चालेल ना?" विक्की खाली मान घालून उभा होता. मशीन बघून गेलेला तो माणूस मिनलच्या डोळ्यांसमोर आला. आपणच करिष्माला दुकानात पाठवलं, आता दोघांचीही मनं मोडली, असं तिला वाटलं आणि रडू यायला लागलं.

चिकट बाजू उघडी पडली होती. खाली टेकवावं तर धूळ लागणार, सोललेला कागद चुरगळलेला. ओली साडी दोघींनी धरावी तसे ती आणि विक्की ते धरून उभे. "पंख्याखालून तरी हलू," मिनल म्हणाली, आणि रडवेलं तोंड लपवायला ती पाठमोरी सरकत्या दारातून गॅलरीत गेली. दुसरं टोक धरून विक्की तिच्या मागे गेला. काचेपलीकडे दोघं उभे राहिले.

हॉलमध्ये खुर्चीवर मिनलच्या सासूबाई, भिमाबाई, बसल्या होत्या. आता त्या काचेकडे बघत खुर्चीतून अर्धवट उठल्या.

"आले की," त्या म्हणाल्या. "करिष्मा, बघ की गं. तुजं बाबा आलं."

करिष्मा वळली. काचेतून चिकट बाजूने बघितल्यावर सगळं सुलटं झालं होतं. पिशवी लोंबत होती, अक्षरं नीट वाचता येत होती, आणि सायकल दाराकडून घरात येत होती.

मिनलला कळायला क्षणभर लागला. "अहो," ती विक्कीला म्हणाली, "काचेला लावा. इथूनच, बाहेरून."

मग विक्कीला काही सांगावं लागलं नाही. भिंतीपुढे बुजलेला माणूस काचेपुढे एकदम खुलला. न सरकणारी काच त्याने साबणाच्या पाण्याने धुतली, चित्र टेकवलं, मधून कडेला पट्टीने पाणी काढत गेला, आणि वरची फिल्म अलगद ओढून काढली. एक बुडबुडा राहिला नाही. "गाडीचाच माल आहे," तो करिष्माला म्हणाला. "ऊन-पाऊस बाधत नाही."

गॅलरी पश्चिमेची. संध्याकाळी पाहुणे आले तेव्हा ऊन कलून आत आलं होतं आणि सायकलची लांब सावली हॉलच्या फरशीवर पडली होती. लोक तिला ओलांडून बसायला जायचे. येणारा प्रत्येक जण काचेवरचं मोठ्याने वाचायचा आणि नकळत उत्तर द्यायचा, नाही अजून, नाहीतर, वास तर छान येतोय.

समोरच्या फ्लॅटमधल्या विजयश्री बराच वेळ काचेजवळ उभ्या होत्या. "किती छान आहे हो. कुठल्या ॲपवर मिळालं? मला लिंक पाठवा ना."

"लिंक नाही," करिष्मा म्हणाली. "त्यासाठी काळेवाडीला जावं लागतं, माझ्या भावाकडे. आधी त्याच्याशी भांडायचं, मग तो करून देतो."

विजयश्री हसल्या. त्यांच्याकडेही एक भिंत पडून होती. पण तिच्यावर काय हवं ते त्यांना काही केल्या ठरवता येत नव्हतं.

विक्की खिशातली टेप चाचपत पुढे झाला. मिनल श्वास रोखून बघत होती. आता हा वाघ दाखवणार, तिला वाटलं.

"ताई, चालेल," विक्की म्हणाला. "आधी काय नको ते सांगा."

मिनलने श्वास सोडला. सोमवारी तिला कुरुळीला जायचंच होतं, तीच गुलाबी झाडं नीट गुंडाळून खोक्यात भरायची होती, त्या पगाराशिवाय घर चालणार नव्हतं. पण मशीन काही आता विकलं जात नव्हतं, याची तिला मनोमन खात्री पटली.

पाहुणे गेल्यावर घरची माणसं पानं वाढून बसली. भिमाबाईंनी शेवटचा घास घेतला, हात धुतला आणि पदराला हात पुसत काचेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. वाचायला त्यांना वेळ लागायचा. एकेक अक्षर लावत त्यांनी ओळ पुरी केली.

"व्हय, जेवली समदी," त्या काचेला म्हणाल्या. "आता तुमी बसा."