राहून गेलेलं आमेन

मंडळीपुढे प्रार्थना म्हणायला उभं राहायची वेळ आली की नेमकी तेव्हाच ती लिहिलेली चिठ्ठी सापडत नाही. त्या रविवारीही उपासना सुरू असताना मी पर्समध्ये चाचपडत होते. रुमाल हाताला लागला, चष्म्याच्या दोन काड्या लागल्या (अर्धं दुकान मी सोबत घेऊनच फिरते), आणि मग बोटात लाल दोरा अडकला. दोऱ्याला किल्ली होती.

ती आत्ता माझ्याकडे असायला नको होती.

ती शिवणमावशीच्या खोलीची किल्ली. मावशी आमच्या चर्चच्या मागच्याच गल्लीत एकटी राहते. दीड महिन्यापूर्वी तिचं कंबरेचं हाड मोडलं, तेव्हापासून ती अंथरुणाला खिळलेली आहे. मंडळीतल्या आम्ही सात जणी तिचं खाणंपिणं, शौचाचं भांडं देणं, अंग पुसणं पाळीपाळीने करतो. सुरुवातीला पाळ्या कागदावर लिहिल्या होत्या, पण त्यावरून इतकी तूतू-मैंमैं झाली की मावशीनेच नियम काढला. किल्ली एकच, आणि ती जिच्याकडे तिची पाळी. पाळी संपली की किल्ली पुढचीच्या हातात ठेवायची. तोंडी निरोप चालणार नाहीत.

शनिवारी सकाळी मावशीकडून निघाले ती तडक बेकरीत शिरले. "संध्याकाळी आणि उद्या सकाळी माझ्याऐवजी जाशील का गं? मला उद्याची प्रार्थना लिहायची आहे." बेकरीवाली आमच्या सातजणींतलीच; तिचं डोकं भट्टीत होतं. "बघते," म्हणाली. बघते म्हणजे हो, असं मी सोयीने धरून चालले. किल्ली द्यायची राहिली. संध्याकाळभर मी टेबलाशी बसून आजाऱ्यांसाठी चांगले चांगले शब्द शोधत होते.

आणि आता बेकरीवाली तिसऱ्या बाकावर डोळे मिटून बसली होती. म्हणजे काल सकाळी आठपासून मावशीकडे कोणी फिरकलेलं नव्हतं.

पाळकसाहेबांनी मला मान हलवून खूण केली. खरं तर तेव्हाच पळत सुटायला हवं होतं. पण चाळीस माणसं समोर, आणि सगळ्यांना माझी प्रार्थना आवडते. काय सांगणार होते मी त्यांना? लाज वाटली. म्हटलं, भरभर उरकू. चिठ्ठी सापडली आणि मी सुरू केलं.

मागच्या खिडक्या सताड उघड्या होत्या. पलीकडे मावशीची खिडकी. तिला आमचा शब्द न् शब्द ऐकू जातो, सोमवारी ती माझ्या प्रार्थनेतल्या चुकासुद्धा काढते. म्हणजे आत्ताही ती ऐकत असणार. ऐकत असेल ना? की ऐकण्याच्या स्थितीतच नसेल? मी सुताराच्या पाठीसाठी मागितलं, पोस्टमनच्या लेकीसाठी मागितलं, आणि माझं तोंड एकीकडे आणि जीव त्या गल्लीत होता. मुठीतली किल्ली घामाने ओली झाली होती.

"प्रभू, शिवणमावशीजवळ राहा," मी म्हणाले. "तिला काही कमी पडू देऊ नकोस."

पुढचं वाक्य कागदावर होतं, पण तोंडातून फुटेना. मी थांबले. माझं थांबणं मंडळीला नवीन नाही. त्या वेळात प्रत्येकजण मनातलं मागतो. तेवढ्यात अंडं उकडून होईल, असं पाळकसाहेब चिडवतात. कोणी डोळे उघडले नाहीत. मी चपला हातात घेतल्या आणि बाजूच्या दाराने निघाले.

गल्लीत येताच धावत सुटले. किल्ली कुलपात फिरवली. दार उघडलं आणि आधी वास आला. मावशी होती तशीच पडलेली, ओठ सुकलेले, पेला खाली गडगडून भिंतीला लागलेला.

"आलीस?" ती म्हणाली.

मी तिची मान उचलून पाणी पाजलं. दोन पेले ती घटाघटा प्यायली.

"हाक का नाही मारलीस मावशी? खिडकी तर उघडी होती."

"रात्री मारल्या की. गल्लीत ऐकायला कोण असतं? आत्ता पुन्हा मारणार होते, तेवढ्यात तू माझंच नाव घेतलंस." तिने ओठ पुसले. "माझ्यासाठी मागत होतीस. मध्येच कसं तोडायचं?"

टोमणा असता तर बरं झालं असतं. ती अगदी मनापासून बोलत होती. मला रडू फुटलं. "चूक माझी आहे. किल्ली माझ्याच पर्समध्ये होती."

"ते कळलंच. नियम माझाच ना." मग म्हणाली, "रडणं नंतर. आधी ही ओली चादर काढ."

मी तिला कुशीवर वळवून चादर ओढून काढली. पाठ लाल झाली होती. मी पुसू लागले तशी ती कान देऊन ऐकू लागली.

"तिकडे एवढं सामसूम कसं? आमेन म्हणालीस ना?"

मी नाही म्हटलं.

"अगं मग ती बिचारी डोळे मिटून बसली असतील! जा, म्हण."

चादरीचा बोळा तसाच हातात घेऊन मी खिडकीपाशी गेले. कागद चर्चमध्येच राहिला होता, आणि लिहिलेलं एक अक्षरही मला आठवत नव्हतं.

"प्रभू," मी मोठ्याने म्हणाले, "कालपासून शिवणमावशी तहानलेली पडून होती आणि किल्ली माझ्याकडे होती. मी तिच्याकडे गेले नाही, तुझ्यासाठी शब्द लिहीत बसले. मला क्षमा कर. आमेन."

पलीकडे बाकं सरकल्याचा आवाज आला. चर्चच्या खिडकीत चारदोन चेहरे दिसले, त्यात बेकरीवालीचा होता.

पहिलं आमेन माझ्या पाठीमागून आलं, अंथरुणातून, घोगऱ्या आवाजात. मग गल्लीपलीकडून बाकीच्यांचं आलं.

"धुतलेली चादर खालच्या फळीवर आहे," मावशी म्हणाली.