तोफूवाल्याची उडी

चिहारू ओगाताने आईला एक थाप मारली होती, आणि ती आता गळ्याशी आली होती.

आई मात्सुए गावात कोतो हे तंतुवाद्य शिकवायची. चाळीस वर्षं तारा छेडून तिचे कान इतके तिखट झाले होते, की शेजारच्या किटलीची शिट्टी बेसूर वाजली तरी तिला झोप लागत नसे. मुलगी ओसाकात व्हिडिओ गेमना संगीत देते म्हटल्यावर ती एवढंच म्हणाली, "टीव्हीतल्या पिंपिंला कोणी संगीत म्हणतं का गं? त्यावर तुझं नाव छापून येईल तेव्हा मानीन."

"येणार आहे. गेम संपला की शेवटी येतं," चिहारू ठोकून मोकळी झाली.

मग कळलं, की कंपनीत खरी नावं छापतच नाहीत. दुसऱ्या कंपन्या माणसं पळवतील ही साहेबांना धास्ती. सगळ्यांना टोपणनावं होती, आणि रोज डब्यात मुळ्याचं लोणचं आणणाऱ्या चिहारूचं बारसं साहेबांनी स्वतः केलं होतं : ताकुआन. म्हणजे तेच लोणचं.

तेही तिने गिळलं असतं. पण गेममधला तोफूवाला छपरांवरून उड्या मारत पळायचा, आणि गेमच्या यंत्राला सूर वाजवायला एका वेळी तीनच आवाज. उडीचा 'पोइंग' वाजवायला त्यातला एक उसना घ्यावा लागे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कुसुनोकीने नेमका मुख्य चालीचाच घेतला.

"अहो कुसुनोकी-सान, दर उडीला माझी चाल तुटतेय!"

"तुटू दे की. पोरं उडी ऐकतात, चाल कोण ऐकतंय?"

"खालचा सूर तोडा ना त्यापेक्षा."

"तिथे पोइंग फुसका वाजतो. आणि माल उद्या कारखान्यात चाललाय, ताकुआन-सान. आता ब्रह्मदेव आला तरी बदलणार नाही."

दोन महिने रक्त आटवून केलेली चाल, आणि तिचे असे तुकडे. चिहारूला रडू आलं. ते तिने जिन्यात जाऊन उरकलं.

गेम बाजारात आला तसं तिने यंत्रासकट पार्सल मात्सुएला पाठवून दिलं. आईला शेवट गाठता येणार नाही, एवढाच काय तो आधार होता.

पंधरा दिवसांनी आईचा फोन आला.

"ऐकलं."

"शेवटपर्यंत गेलीस?" चिहारूने घाईने विचारलं.

"छे! पहिल्या छपराच्या पुढे नाही गेले. तो मेला उडी मारतो आणि तुझी चाल तोडतो. म्हणून मी त्याला जागचा हलूच देत नाही. उभा राहतो मुकाट, चाल दोनदा पुरी वाजते, मग वेळ संपून मरतो बिचारा. पुन्हा उभा करते."

"आई, पण नाव शेवटी..."

"नावाचं काय घेऊन बसलीस? मधली उतरती सुरावट माझ्या तिसऱ्या धड्यातून उचललीस ना, चोरटे? ओळखली मी. काल शिकवणीच्या सगळ्याजणींना टीव्हीसमोर बसवलं. म्हटलं, हात जोडते, बटणाला कोणी हात लावू नका. माझ्या मुलीचं गाणं चाललंय."