मुक्या राक्षसाची कॅसेट

‘पुन्हा दुसराच?’ मन्मथअप्पांनी कॅसेट काउंटरवर ठेवली, पण तिच्यावरचा हात काही काढला नाही.

‘व्हय अप्पा. दुसराच भाग.’ वच्छलाबाई म्हणाली.

‘तिसरा न्या की. राक्षस जगतो का मरतो, ते तरी कळंल.’

‘शेवट नगं आमाला. मधलाच लई चांगला हाय.’

आता हे कोणाला पटावं? घाटनांदूरच्या बाजारात अप्पांना व्हिडिओचं दुकान मांडून आठ वर्षं झाली होती. गिऱ्हाइकाची नस त्यांना पक्की ठाऊक. ‘पाताळनगरी’ नावाची हिंदीत बोलणारी कार्टूनची मालिका त्यांच्याकडे तीन कॅसेटींत होती. पहिली लोक नवलाई म्हणून नेत, तिसरी शेवटासाठी. मधली बिचारी घरातल्या मधल्या पोरासारखी, कोणी विचारलं तर विचारलं. आणि ही ब्लाउज शिवणारी बाई सलग नवव्या रविवारी तीच मागत होती. हिच्या घरात ना टीव्ही, ना व्हीसीआर. मग कॅसेट जाते कुठं?

अप्पांनी हात काढला. बाई कॅसेट पिशवीत घालून गेली आणि अप्पांच्या डोक्यात किडा सोडून गेली.

संध्याकाळी कॅसेट परत आली तशी त्यांनी ती लावून पाहिली. एका जागी पडद्यावर पांढऱ्या रेघा आल्या. थोडं पुढं आणखी एका जागी. कोणीतरी तिथं चित्र थांबवून थांबवून टेप झिजवली होती. चित्रात काय आहे ते अप्पांनी पाहिलंच नाही, ते रेघाच बघत बसले.

‘कॉपी करायलेत,’ ते बायकोला म्हणाले. ‘त्या केबलवाल्या विजयसिंहाचं काम हाय हे. बाईला फुडं घातलंय नुस्तं.’

‘कार्टून चोरून काय करनार त्यो? लोनचं घालतोय का?’ गंगासागर म्हणाली.

‘त्याच्या केबलवर दावनार! गावातली समदी लेकरं त्याच्याकडं, आन् आपुन बसायचं माशा मारत.’

म्हणतात ना, चोराच्या मनात चांदणं. अप्पांकडचा तो संचसुद्धा परळीच्या एका दुकानातून कॉपी मारून आणलेला होता. कॉपी कशी मारतात हे त्यांच्याइतकं गावात कोणाला ठाऊक असणार? शिवाय विजयसिंहानं माडीवर ती भली मोठी छत्री बसवून गल्लोगल्ली तारा ओढल्यापासून अप्पांची निम्मी गिऱ्हाइकी बुडाली होती. दुखऱ्या बोटालाच ठेच लागते, आणि तिथंच संशयही येतो.

पुढच्या रविवारी अप्पांनी कॅसेट दिली, दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि बाईच्या मागं मागं निघाले. वच्छलाबाईनं घरून पोरीला बरोबर घेतलं, मारुतीला वळसा घातला आणि सरळ विजयसिंहाच्या घराच्या मागच्या दारानं आत शिरली. शिरताना पोरीनं एकदा मागं वळून अप्पांकडं पाहिलं.

अप्पांना किल्ला सर केल्यासारखं झालं. घरी येऊन ते बायकोला म्हणाले, ‘बघ! म्हनलं होतं का न्हाई?’

संध्याकाळी कॅसेट परत आल्यावर त्यांनी जे केलं, ते मोठ्या हौसेनं केलं. दुसऱ्या भागाच्या कॅसेटीवर नवं काही भरता यावं म्हणून तिच्या मागच्या खाचेवर चिकटपट्टी लावली, दुकानातले दोन्ही व्हीसीआर जोडले आणि ‘पाताळनगरी’वर सरपंचाच्या पुतण्याचं लग्न चढवलं. राक्षस गेला, नवरदेव आला. वेष्टन तेच, चिठ्ठी तीच. दाखव म्हणावं आता केबलवर, अख्ख्या गावाला पुन्हा एकदा बुंदी वाढ!

रविवारी वच्छलाबाई आली. अप्पांनी आज एका शब्दानं विचारलं नाही, उलट ‘सावकाश बघा’ म्हणाले. मग दुकान बंद करून घरी टीव्हीपुढं मांडी घालून बसले. विजयसिंहाच्या चॅनलवर एक जुना सिनेमा लागला होता. तो संपला, दुसरा लागला. लग्नाचा पत्ता नाही. तीन वाजता मात्र अप्पांना राहवेना. चोर रंगेहाथ धरायचाच, म्हणून ते स्वतःच तिकडं गेले.

विजयसिंह घरी नव्हताच. त्याची बायको सत्यभामा ओसरीत शेंगा फोडत होती. ‘या अप्पा,’ ती म्हणाली, ‘बरं झालं आलात. कॅसेट बदलली काय ओ? नुस्त्या पंगती उठायल्यात. पोरगी कवाधरनं राक्षस हुडकायली.’

आतल्या खोलीत टीव्हीवर वऱ्हाड जेवत होतं. समोर वच्छलाबाईची नऊ वर्षांची रोहिणी उभी होती. ती टीव्हीवर थापा मारायची, मागं जाऊन बघायची, मग आईकडं वळून दोन्ही हात भराभर हलवायची. वच्छलाबाईही हातानंच तिला काहीतरी सांगत होती.

‘तिला ऐकू येत न्हाई अप्पा,’ वच्छलाबाई म्हणाली. ‘जलमापासून. सत्यभामावैनींचे बिलाऊज शिवून देते, त्या ऐतवारी व्हिडिओचं मशीन लावून देत्यात आमाला.’

‘पर हाच भाग कावून?’ अप्पांच्या तोंडून गेलं.

‘पैल्या भागात राक्षस वरडतोय नुस्ता. मंग चेटकीन त्याचा आवाज चोरती. तिसऱ्यात आवाज वापस मिळतो, आन् समदे तोंडानं बोलाय लागत्यात. मधल्यात त्यो मुका हाय. हातानं बोलतो. त्याच्यापायी राजकन्या शिकती, चोर शिकतो, सैपाकी बी शिकतो. आमी दोगी तितनंच शिकलाव. चित्र थांबवायचं, दोन-तीन खुना घ्यायच्या.’ ती थोडं हसली. ‘पानी, भूक, दुकतंय. मागल्या म्हैन्यात पैल्यांदा मला म्हनली, भ्या वाटतंय. नऊ वर्सं मला ठावंच नव्हतं, तिला कशाचं भ्या वाटतंय ते. अजून निम्मं शिकायचं ऱ्हायलंय.’

अप्पांनी टीव्हीवरच्या वऱ्हाडाकडं पाहिलं. ‘चुकून दुसरी आली जनू,’ ते पुटपुटले.

बाईचा चेहरा उजळला. ‘मंग ती देता का आनून? आमी थांबताव.’

आता मात्र खोटं पुढं रेटवेना. ‘न्हाई वच्छलाबाई. ती पुसली. मीच पुसली.’

‘कावून?’

एवढाच शब्द. ती ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तुझा संशय आला म्हणून, हे अप्पांना सांगता येईना, आणि तिनं ते त्यांच्या तोंडावरच वाचलं. पोर तिचा पदर ओढून विचारत होती. वच्छलाबाईनं हात उचलले आणि ते तसेच राहिले. पुसणं म्हणजे काय, ही खूण त्या दोघींनी अजून शिकलेली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी अप्पा परळीला गेले. त्या दुकानात आता टेलिफोनचा बूथ होता, जुन्या कॅसेटी केव्हाच भंगारात गेलेल्या. लातूरला, अंबाजोगाईला, बीडला ते पायपीट करून आले. पहिला भाग मिळाला, तिसरा मिळाला. मधला कोणी ठेवलाच नव्हता.

महिन्या-दोन महिन्यांनी आठवडी बाजारात अप्पा कांदे निवडत होते. समोरून वच्छलाबाई पोरीला घेऊन आली. रोहिणीनं अप्पांना पाहिलं, थबकली आणि डोळ्याखाली बोट ठेवून खालची पापणी ओढून दाखवली.

‘काय म्हनती?’ अप्पांनी विचारलं.

वच्छलाबाई अवघडली. ‘नाव हाय तुमचं. ती समद्यांना नाव ठिवती आता. हे कॅसेटीतलं न्हाई, तिनं सोताच काडलंय.’

‘म्हंजे काय पर?’

‘जाऊ द्या अप्पा. लेकरू हाय.’

‘सांगा की.’

‘चोरून बघनारा,’ ती खाली बघत म्हणाली.

पोर अजून अप्पांकडंच बघत होती. अप्पांनी हातातले कांदे पाटीत ठेवले. मग सावकाश आपल्या डोळ्याखाली बोट नेलं आणि तिनं ओढली होती तशी पापणी ओढली. रोहिणीनं मान हलवली, आणि आईचा हात धरून पुढं गेली.

‘काय ओ अप्पा, डोळ्यात गेलं का काई?’ कांदेवाल्यानं विचारलं.

‘काई न्हाई,’ अप्पा म्हणाले. ‘नाव सांगितलं माझं.’