फोटोपुरता मांडलेला रॅम्प

मित्रांनो, त्या वकिलांच्या फर्ममध्ये तुम्ही पुढच्या दाराने गेलात, तर मी तुम्हाला दिसणार नाही. मागच्या दाराशी या. झेरॉक्स मशीन आणि कचऱ्याचे डबे यांच्या मधे, झाडूंच्या मागे, भिंतीला टेकून मी उभा आहे. मी एक जुना लाकडी रॅम्प आहे. जुना म्हणजे पाच वर्षांचा, पण झिजलो मात्र नाही. ज्याला कोणी वापरलेच नाही, तो झिजणार कसा?

माझा जन्म एका सुतारकाकांच्या हातून झाला. फर्मच्या पुढच्या दाराला दोन पायऱ्या आहेत, दोन्ही मिळून दहा इंच उंचीच्या. काकांनी टेप लावला आणि सांगितले की रॅम्प दहा फूट लांब लागेल. थोरले साहेब, म्हणजे फर्मचे मालक, हसले. मोटार चढवायची आहे का, पाच फुटांत भागवा, असे ते म्हणाले. काका ऐकेनात. पाच फुटांत चढ उभा होईल आणि खुर्चीसकट माणूस मागे उलटेल, असे त्यांनी तोंडावर सांगितले. शेवटी मला मधोमध बिजागऱ्या लावून दहा फुटांचाच बनवले. त्या इमारतीत थोरल्या साहेबांपुढे कोणी ताठ उभे राहिलेले मी तेवढे एकदाच पाहिले, आणि तो वकील नव्हता.

मला बनवले ते नव्या वकीलबाईंसाठी. त्या चाकांच्या खुर्चीतून येत. त्यांना घेतले तेव्हा साहेबांनी केवढी स्वतःची पाठ थोपटून घेतली! पहिल्या दिवशी मला थाटात मांडले, फोटो काढले. दुसऱ्या दिवशी साहेबांना वाटले की माझ्यामुळे दाराची शोभा जाते. मग मी झाडूंपाशी आलो आणि वकीलबाई मागच्या दाराने येऊ लागल्या. रोज सकाळी डब्यांमधून खुर्ची काढताना त्यांची चाके मला घासून जात.

आता त्या फर्मची एक खोड सांगतो. अशील निघाला की वकिलाने त्याला गाडीपर्यंत सोडायला जायचे. आत टेबलापाशी कागद बोलतात, पण पुढचे काम कोणाला द्यायचे ते गाडीचे दार उघडताना ठरते. वकीलबाई युक्तिवाद लिहीत, कोर्टात मांडत, जिंकत. अशील निघाला की त्या पायऱ्यांपर्यंत येत आणि थांबत. मग साहेबांचा भाचा टुणकन दोन पायऱ्या उतरे. तोही वकीलच, निदान डगला तरी वकिलाचा. गाडीपाशी तो असा हसे, जणू रात्रंदिवस जागून सगळे त्यानेच केले. पुढचे काम त्याच्या नावावर.

एकदा वकीलबाईंनी मागून गल्लीला वळसा घालून गाडी गाठायचा प्रयत्न केला. त्या पुढे पोहोचल्या तेव्हा तिथे गाडी नव्हती, भाचा तेवढा हात हलवत होता. ही हकिकत दरवानाने मला सांगितली, म्हणजे मला टेकून जेवताना कारकुनाला सांगितली. मी फार संतापलो. पण लाकडाच्या संतापाला विचारतो कोण?

मला कायमचे पुढच्या दाराशी मांडावे, अशी मागणी त्यांनी केली. साहेब मुद्दाम मागच्या दाराशी येऊन, माझ्यावर हात टेकून, गोड आवाजात म्हणाले, "बाई, आम्ही तुम्हाला वेगळं समजतच नाही. मग तुम्हाला वेगळी वाट कशाला हवी?"

मित्रांनो, मी बरीच वाळवी पाहिली आहे. ती निदान गप्प राहून पोखरते.

मग साहेबांनी काय केले? 'सर्वांना सामावून घेणारी समिती' नेमली आणि तिचे सगळे काम वकीलबाईंच्याच गळ्यात घातले. बैठका घ्या, अहवाल लिहा, आणि खटलेही सांभाळा. त्यांच्या आधी एक वकील नोकरी सोडून गेला होता, बोलताना अडखळायचा म्हणून त्याची नक्कल होई. एक बाळंतीण गेली होती, कारण महत्त्वाच्या बैठका नेमक्या संध्याकाळी सातला ठरत. अशी माणसे टिकत का नाहीत, याचे कोडे या दीडशहाण्यांना काही केल्या सुटत नव्हते.

चौथ्या वर्षी वकीलबाईंनी मोठा खटला जिंकला. एका बस कंपनीच्या मालकीणबाईंचा परवाना रद्द झाला होता, तो त्यांनी परत मिळवून दिला. समोरच्या बाजूने अपील केले. ते अपील आपणच चालवावे, ही वकीलबाईंची फार इच्छा होती. त्या खटल्याचा कागद न् कागद त्यांना पाठ होता. साहेबांनी अपील भाच्याकडे जाईल असे सांगितले. मालकीणबाईंची त्याच्याशी ओळख आहे म्हणे. ओळख कुठली? गाडीच्या दारापाशी झालेली.

त्याच आठवड्यात फर्मला एक मानपत्र मिळाले, कशाबद्दल ते तुम्ही ओळखले असेल. मला धुतले, रंगवले, अंगावर लाल गालिचा घातला आणि पुढच्या दाराशी मांडले. साहेब, भाचा, पाहुणे, सगळे माझ्यावर उभे राहून फोटो काढून घेत होते. वरून चकचकीत आणि खालून चिखलाचे, असे बूट मी एका दिवसात इतके कधी पाहिले नव्हते.

समारंभ संपला. पाहुण्या म्हणून आलेल्या बसच्या मालकीणबाई निघाल्या. भाचा फोटोवाल्यापुढे मान तिरकी करून उभा होता. तेवढ्यात माझ्यावर ओळखीची चाके आली. वकीलबाई खाली उतरत होत्या. मी श्वास रोखून धरला, एकदाही कुरकुरलो नाही. चार वर्षांत पहिल्यांदा त्या एका अशिलाच्या गाडीपाशी पोहोचल्या.

मालकीणबाई थबकल्या. "एक विचारू? राग मानू नका," त्या म्हणाल्या. "कोर्टात तुम्ही भांडलात, आणि गाडीपाशी नेहमी तो पोरगा. मला वाटायचं, बाई जरा शिष्ट आहेत. माझ्यासोबत चार पावलं यायचं त्यांच्या जिवावर येतं."

"मधे दोन पायऱ्या होत्या," वकीलबाई म्हणाल्या.

मालकीणबाईंनी माझ्याकडे पाहिले. मग दाराकडे, मग फोटोवाल्याकडे. त्या बाईला सगळे समजले. एवढी वर्षे माणसांची ने-आण केलेली ती, तिला पायरीचा अर्थ सांगावा लागत नाही.

"अपील तुम्हीच चालवा," त्या म्हणाल्या.

"मी आज सकाळीच राजीनामा दिलाय."

"मग नवा पत्ता द्या. कागद घेऊन मी तिकडे येते."

वकीलबाईंनी पाठीमागच्या पिशवीतून कार्ड काढून दिले. तोवर भाचा धावत आला, पण गाडीचे दार लागले होते.

त्या संध्याकाळी मला दुमडून परत झाडूंपाशी ठेवले. मानपत्र भिंतीवर लागले. समितीचा प्रमुख आता भाचा आहे. माणसे का टिकत नाहीत हे शोधायला त्याने वीस प्रश्नांचा फॉर्म काढला आहे. त्यातला एकही प्रश्न दोन पायऱ्यांबद्दल नाही.

मागच्या महिन्यात सुतारकाका कपाट दुरुस्त करायला आले होते. दरवानाने वकीलबाईंची चौकशी केली. काका म्हणाले, "नव्या ऑफिसात बोलावलं होतं. मला वाटलं, रॅम्पसाठी. टेप घेऊन गेलो, तर दाराला पायरीच नाही! जमीन थेट आत जाते. पुस्तकांच्या फळ्या मारल्या न् चहा पिऊन आलो."

म्हणजे वकीलबाईंना आता माझी गरज नाही. मित्रांनो, हे ऐकून मला थोडे रडू आले, आणि खूप आनंद झाला.

माझी निगा राखा, मला पुसा, रंगवा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. ते इथले लोक नीट करतात. तुम्ही मोठे व्हाल, तुमची दारे बांधाल, तेव्हा अशी बांधा की सुतारकाकांना नुसता चहा पिऊन परत यावे लागेल. आणि पायऱ्या आधीच बांधलेल्या असतील, तर माझ्यासारख्याला बाहेर काढा आणि तिथेच राहू द्या. फोटोवाला निघून गेल्यावरही.