पंखा लावला की चावतो

मी एक जुना हिंचका आहे. मित्रांनो, तुमच्याकडे मला झोपाळा म्हणतात. सागाची जाड फळी, चार पितळी कड्या आणि वयाप्रमाणे थोडी कुरकुर, एवढाच माझा संसार. नडियादमधल्या आमच्या घरात ओसरीच्या लाकडी तुळईला मी टांगलेला असायचो.

सुताराने माझ्या कडा इतक्या प्रेमाने घासल्या होत्या, की रेवाबा लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या साडीचा एक धागाही अडकला नाही. त्या दिवसापासून माझ्यावर त्यांचाच हक्क. सकाळचा चहा-खाखरा माझ्यावर, भाजी निवडणं माझ्यावर, सुनेशी भांडण आणि समेटही माझ्यावरच. उजव्या पायाच्या अंगठ्याने त्या जमिनीला हलका रेटा द्यायच्या, की मी निघालोच. तो अंगठा मी हजारांत ओळखला असता.

मग सून झंखनाला दिवस गेले आणि रेवाबांच्या मुलाने, निकुंजने, घर नवं करायला काढलं. भिंती खोदल्या, छतात खाचा पाडून वायरी नेल्या, वरून गुळगुळीत गिलावा झाला. मला नव्या दिवाणखान्यात टांगायचं ठरलं. फर्निचरच्या मिस्त्रीने छताला भोक पाडायचं मशीन लावलं. पंख्याची वायर छतात कुठून गेली आहे, हे त्याने विचारलं नाही. ती टाकणारे कनुभाई इलेक्ट्रिशियन तिथेच चहा पीत होते, त्यांनीही सांगितलं नाही. मशीनचा आवाज मध्येच जरासा बदलला, तरी कुणी वर पाहिलं नाही. हूक बसला, मला अडकवलं, पंखा सुरू झाला आणि माझ्या पितळेत मुंग्यांची रांग शिरावी तसं काहीतरी शिरलं. मी घाबरलो, मित्रांनो. पण आम्हाला कुरकुरण्यापलीकडे येतं काय?

रेवाबांनी पहिल्याच दिवशी कडी धरून अंगठा टेकवला आणि "ओय मा!" करून पाय वर घेतला. त्याच क्षणी घरभर अंधार झाला. कनुभाईंनी मीटरजवळ बसवलेला सुरक्षेचा खटका उडाला होता.

"निकुंज, हा हिंचका चावतो रे!"

"बा, हिंचका कधी चावतो का? नवं घर आवडलं नाही, तर तसं सरळ सांग ना."

"अरे, पंखा लावला की चावतो. पंखा बंद असला की गरीब गाय."

"तुझ्या पायाला मुंग्या येतात, बा. साखर तपासून घे."

सगळे हसले. झंखनाही हसली.

त्यानंतर खटका सारखाच उडायला लागला. फरशी पुसली आणि रेवाबा बसल्या, की उडालाच. टीव्ही बंद, फ्रिज बंद. निकुंज वैतागला. झंखनाचं सीमंत, म्हणजे तुमच्याकडचं डोहाळजेवण, तोंडावर आलं होतं. कनुभाई म्हणाले, "भाई, हा उगाच उडत नाही. कुठेतरी करंट झिरपतोय. छत फोडून बघावं लागेल."

"आत्ता? कालच रंग झालाय. सीमंताला पाहुणे यायचेत, आणि मी छत फोडून ठेवू? तो खटकाच काढा. सीमंतानंतर बघू."

कनुभाईंनी मान खाजवली, खटका काढला आणि वायरी सरळ जोडून टाकल्या. माझ्या वतीने ओरडणारा तो एकटाच होता, तोही गेला.

रेवाबा मात्र खमक्या. त्यांनी देवघरातला लाकडी बाजोट, म्हणजे बुटका चौरंग, आणून माझ्यासमोर ठेवला आणि त्याच्यावर अंगठा टेकवून झोके घ्यायला लागल्या. कोरड्या लाकडावर त्यांना काही जाणवेना. "माझं मी बघितलं," त्या सुनेला म्हणाल्या, "पण वहू, तू पाय वर घेऊनच बसायचं. माझी शपथ आहे तुला."

"हो बा, हो," झंखना म्हणाली आणि हसू दाबत आत गेली.

सीमंताच्या दिवशी घर बायकांनी भरून गेलं. झंखनाची ओटी भरायची होती. तिला बसवायला पाट नको का? कुणीतरी माझ्यासमोरचा बाजोट उचलून आत नेला. दिवाणखान्यात सरबत सांडलं, ते पुसलं, फरशी ओलीच राहिली. उकडत होतं म्हणून पंखा लावला. आत गाणी सुरू झाली. सकाळपासून उभ्या असलेल्या रेवाबा "हाश!" म्हणत माझ्यावर टेकल्या आणि दोन्ही हातांनी त्यांनी कड्या धरल्या. बा, खाली बघा! खाली बाजोट नाही! मी जीव तोडून कुरकुरलो. त्या आतल्या गाण्याकडे कान देऊन हसत होत्या. अंगठा सवयीने खाली गेला.

त्यांच्या मुठी आवळल्या गेल्या, मग रेवाबा खाली घसरल्या. गाण्यात कुणाला काही ऐकू आलं नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, या वयात एवढी धावपळ झेपत नाही.

तेरावं झाल्यावर झंखनाने बाजोट पुन्हा माझ्यासमोर आणून ठेवला, बांची जागा म्हणून. त्याच्यावर पाय ठेवून, पोटावर हात धरून ती बसली आणि खूप रडली. रडता रडता थांबली. बाजोटाकडे बघत राहिली, मग वर पंख्याकडे. हळूच उतरली आणि तिने कनुभाईंना बोलावून घेतलं.

कनुभाईंनी माझ्या कडीला टेस्टर लावला. काही नाही.

"झालं समाधान?" निकुंज म्हणाला. "बा गेली, झंखना. आता पुरे कर."

"पंखा लावा," झंखना म्हणाली.

निकुंजनेच बटण दाबलं. टेस्टरमधला चिमुकला दिवा पेटला. कनुभाई एक पाऊल मागे सरकले. निकुंजचा हात बटणावरच राहिला.

"रोज सांगत होती," तो म्हणाला, आणि त्याने पंखा बंद केला.

मित्रांनो, आता छत दुरुस्त झालंय, खटकाही परत बसलाय. मी गच्चीवरच्या खोलीत भिंतीला टेकून उभा आहे. माझ्यात आता काही नाही, पण हे कुणाला सांगू? परवा झंखना बाळाला घेऊन वर आली होती. दारातूनच मला बघून परत गेली. तुम्ही घर नवं करायला काढलंत, तर भोक पाडण्याआधी वायर कुठे आहे ते विचारा. खटका उडाला, तर त्याच्यावर चिडू नका. आणि घरातलं कुणी म्हातारं माणूस म्हणालं, की हे चावतं, तर हसू नका. ते कधी चावतं, एवढं नीट ऐकून घ्या.