आवस पावली

रामनगरात प्राजक्ताचं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान होतं. हल्ली गिऱ्हाइकांना साधं काळं प्लास्टिक नजरेसमोर नको असायचं; कातड्यासारखं रेक्झिन आणि वर लाल दोऱ्याची शिवण, हीच टूम निघाली होती. अमावास्येला मात्र कुणी गाडीला नवं काही लावून घेत नसे. मग रिकाम्या दुकानात बसून ती आवसेच्या नावानं बोटं मोडायची.

दीर नागेश नवी गाडी घेऊन आला आणि स्टिअरिंगवरचं एअरबॅगचं झाकणसुद्धा मढवून दे म्हणाला, तेव्हा ती भडकली.

"भावजी, फुगा ते झाकण फाडून बाहेर येतोय. म्हणून ते आतनं मुद्दाम पातळ ठेवलेलं असतंय. वर जाड रेक्झिन चिकटवलं तर फुगा यायचा कुठनं?"

"बेळगावात करून देतात," म्हणत तो फणकाऱ्यानं निघून गेला.

चार दिवसांनी फोन आला. गणेशगुडीजवळ गवा आडवा आला आणि नागेशची गाडी झाडावर आदळली. प्राजक्ता दुकान तसंच टाकून निघाली. रस्ताभर ती एकच घोकत होती, मढवलेलं नसू दे.

नागेश रस्त्याकडेला बसला होता, पिठात पडल्यागत पांढरा, पण धडधाकट. गाडीत फुगा लोंबत होता.

"बेळगावात करून घेतलं न्हाईसा?"

"काल गेलो हुतो वैनी, पण आवस हुती. आईनं फोन करून आडवलं."

प्राजक्ता रडता रडता हसायला लागली.

"आजपासनं," ती म्हणाली, "आवसेला दुकान बंद!"